सात नंबरच्या जिनची जागा

हंगामात हिंगणघाट, वणी किंवा दर्यापूरकडच्या कोणत्याही जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या कारखान्यात, फिटरला विचारा, "सात नंबर कशी चालून राहिली?" तो मान न वळवता सांगेल, "डावा रोलर खाऊन राहिला, भाऊ. रात्रपाळीत उतरवा लागते." एवढ्याशा बोलण्यात देखभालीचं अर्धं शास्त्र आलं. सात नंबर ही शेडमधली जागा. त्या जागेवर आज उभी आहे ती मशीन. आणि मशीनमधून निघून दुरुस्तीला जाणार, परत येऊन कदाचित अकरा नंबरवर बसणार तो रोलर. फिटरच्या डोक्यात या तिन्ही गोष्टी एका शब्दात मावतात आणि त्याचं काम अडत नाही. कारखान्यांचा कारभार ज्या सॉफ्टवेअरवर चालतो त्या सॅपच्या देखभाल मॉड्यूलची प्रमाणपत्र परीक्षा मात्र पहिल्याच धड्यात त्या तीन वेगळ्या करायला लावते, आणि त्या ज्याला नीट वेगळ्या करता आल्या नाहीत तो पुढे प्रत्येक धड्यात अडखळतो.

घुग्घुस, गडचांदूर, बल्लारपूर, चंद्रपूर या पट्ट्यात आयटीआय किंवा डिप्लोमा करून प्लॅनिंगच्या टेबलावर आलेली पुष्कळ मुलं आता या परीक्षेला बसू पाहतात. त्यांची तयारी बहुतेक ट्रान्झॅक्शन कोडच्या, म्हणजे त्या त्या कामाचा पडदा उघडणाऱ्या छोट्या कोडच्या, यादीपासून सुरू होते. जागा बनवायची तर आयएल०१, इक्विपमेंट आयई०१, सूचना आयडब्ल्यू२१, ऑर्डर आयडब्ल्यू३१, कामाची नोंद आयडब्ल्यू४१. यादी पाठ व्हायला आठवडाही लागत नाही, आणि पाठ झाली की अभ्यास झाल्यासारखं वाटतं. ही यादी कामाला उपयोगी आहे, परीक्षेला फारशी नाही. परीक्षा विचारते ती नाती: कशाच्या आधी काय लागतं, कोणती माहिती कुठून कुठे उतरते, एक खूण राहिली तर पुढे काय बिघडतं.

ही नाती समजायची असतील तर सराव प्रणालीत एक आख्खी जिनिंग फॅक्टरी उभी करावी. तुम्ही सिमेंटच्या कारखान्यात असाल, खाणीत असाल, तरी जिनिंगच घ्यावी. ती आटोपशीर असते. एका फेरीत सगळी पाहून होते: कापसाचं सक्शन, प्री-क्लीनर, डबल रोलर जिनची रांग, लिंट क्लीनर, रुईचा हॉल, हायड्रॉलिक प्रेस, सरकीचा कन्व्हेयर. आणि ती वर्षातले काहीच महिने चालते. हा हंगाम परीक्षेच्या दृष्टीने फार मोलाचा आहे, त्याबद्दल पुढे. मशीनची बारीक माहिती हवी असेल तर केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेचं जिनिंग प्रशिक्षण केंद्र नागपुरातच आहे.

सुरुवात फंक्शनल लोकेशनपासून, म्हणजे जागेच्या नोंदीपासून. त्याला एक साचा लागतो, म्हणजे स्ट्रक्चर इंडिकेटर. समजा, चार अक्षरं गावाची, मग आडवी रेघ, दोन अक्षरं विभागाची, पुन्हा रेघ, दोन अंक मशीनच्या जागेचे. साच्यात प्रत्येक पातळी कुठे संपते तेही सांगावं लागतं. मग वरून खाली बनवत यायचं: आधी फॅक्टरी, मग जिन हॉल, मग सात नंबरची जागा. वरची पातळी आधीपासून असेल तर नवी जागा तिच्याखाली आपोआप जोडली जाते. उत्साहात सात नंबर आधी बनवली, तर ती अधांतरी राहते. साचा एकदा वापरात आला की बदलणं फार जिकिरीचं असतं, म्हणून तो कागदावर पेन्सिलीने आधी काढावा. २४ जिन आज असतील, पण शेड वाढणार असेल तर दोन अंक पुरतील का, रुईच्या हॉलला वेगळा विभाग द्यायचा का, हे तिथेच ठरतं.

मग इक्विपमेंट, म्हणजे एका जागेवरून दुसरीकडे जाऊ शकणारी वस्तू. जिनची मोटर इक्विपमेंट करावी, कारण ती जळते, रिवाइंडिंगला जाते, दुसरीकडे बसते, आणि तिचा इतिहास तिच्याबरोबर फिरला पाहिजे. सात नंबरची बैठक, खालचा पाया, वरची चुट यांना इक्विपमेंट करण्यात अर्थ नाही. ते त्या जागेचंच अंग आहे. जागेच्या नोंदीत दोन खुणा असतात. इथे इक्विपमेंट बसवता येईल का, ही पहिली. एकच बसेल का, ही दुसरी. मोटरच्या जागेला दोन्ही लावा आणि मग मुद्दाम दुसरी मोटर बसवून पाहा. प्रणाली नकार देते तो संदेश एकदा स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला की त्यावरचा प्रश्न कधी चुकत नाही.

याच टप्प्यावर कॉस्ट सेंटरचा खेळ करून घ्यावा. जिन हॉलला एक कॉस्ट सेंटर, म्हणजे खर्चाचं खातं, द्या. खालच्या जागा ते वरून घेतात, मोटर बसवली की तीही घेते. आता एका मोटरला हातानं वेगळं कॉस्ट सेंटर द्या आणि वरचं बदला. बाकी सगळ्या बदलतील, ती एक तशीच राहील, कारण तिची माहिती आता 'स्वतंत्र ठेवलेली' झाली. कारखान्यात वर्षाअखेरीला खर्च भलत्याच खात्यात दिसतो, त्याचं मूळ बऱ्याचदा असं कधीतरी हातानं भरलेलं एक खातं असतं.

आता रोलर. डबल रोलर जिनला दोन रोलर, म्हणजे २४ मशीनना ४८, शिवाय स्टोअरमध्ये सुटे. शाफ्टवर चामड्याच्या किंवा कापड-रबराच्या चकत्या दाबून बसवलेल्या असतात. वर खाचा पाडलेल्या असतात. स्थिर पाती त्यावर टेकते, हलती पाती सरकी ठोकून काढते. खाचा बुजल्या की पुन्हा पाडायच्या, व्यास घटत घटत संपला की त्याच शाफ्टवर नव्या चकत्या. म्हणजे रोलर फेकला जात नाही, पुन्हा पुन्हा जिवंत केला जातो. परीक्षेतला रिफर्बिशमेंटचा, म्हणजे खराब भाग दुरुस्त करून पुन्हा वापरण्याचा, धडा नेमका हाच आहे, आणि पुस्तकातल्या पंपाच्या उदाहरणापेक्षा इथे तो चटकन कळतो.

त्यासाठी एकाच मालाच्या क्रमांकाखाली तीन मूल्यप्रकार ठेवतात: सी१ नवा, सी२ दुरुस्त केलेला, सी३ खराब. खराब रोलर स्टोअरला परत गेला तो सी३ म्हणून, जवळपास शून्य किमतीला. मग आयडब्ल्यू८१ मधून दुरुस्तीची ऑर्डर, प्रकार पीएम०४. सी३ चे समजा सहा रोलर ऑर्डरवर काढले; स्टोअरमधून माल निघाल्याच्या या नोंदीचा हालचाल प्रकार २६१. नव्या चकत्या स्टोअरमधून काढल्या, त्याही २६१. खराद्याचे आणि खाच पाडणाऱ्याचे तास नोंदवले. तयार रोलर सी२ म्हणून स्टोअरला जमा, हालचाल प्रकार १०१. रोलर तोच, पण आता त्याला किंमत आली. परीक्षेत या साखळीतला कोणताही एक दुवा विचारतात. मूल्यप्रकार न बदलता ऑर्डर होईल का? सीरियल नंबर लागतोच का? साखळी एकदा हातानं फिरवली नसेल तर इथे सगळेच पर्याय बरोबर वाटतात.

सूचना आणि ऑर्डर यांवर जास्त लिहीत नाही; प्लॅनिंगला बसणाऱ्याचं ते रोजचं काम. एम१ विनंती, एम२ बिघाड, एम३ करून झालेल्या कामाची नोंद. ऑर्डर बनते, सुटते (म्हणजे कामाला मोकळी होते), माल निघतो, तास भरले जातात, तांत्रिकदृष्ट्या पूर्ण होते, खर्च वळता होतो, बंद होते. दोन जागी मात्र थांबावं. एक, अंदाजे खर्च ऑर्डर सुटेपर्यंतच बदलता येतो. दोन, एम२ सूचनेत 'ब्रेकडाऊन'ची खूण आणि बिघाडाची सुरुवात-शेवटची वेळ. शेडमध्ये "जिन बंद" असं लिहून फिटर मोकळा होतो, खूण राहते. मग महिन्याच्या अहवालात दोन बिघाडांमधलं अंतर इतकं सुरेख दिसतं की मालकाला वाटावं, देखभाल विभागाची गरजच काय! नोंदीत काय दुखलं, कसं दुखलं आणि का दुखलं, यांसाठी कॅटलॉगमध्ये वेगवेगळे कोड असतात: भाग बेअरिंग, बिघाड गरम होणं, कारण पट्टा जास्त ताणलेला. "गरम होऊन राहिलं" या वाक्यातून संगणक काही मोजू शकत नाही, कोडमधून मोजतो.

खरा कस लागतो तो प्रतिबंधक देखभालीच्या धड्यात. विद्यार्थी सर्वांत जास्त गुण इथेच घालवतात आणि कारखाने सर्वांत जास्त पैसे.

आधी वेळेचा हिशेब. वेळापत्रक तीन तऱ्हांनी लागतं. साध्या वेळेच्या तऱ्हेत महिना ३० दिवसांचा धरतात: १ नोव्हेंबरला सुरू केलं तर १ डिसेंबर, ३१ डिसेंबर, ३० जानेवारी अशी तारीख मागे सरकते. ठरलेल्या तारखेच्या तऱ्हेत दर महिन्याची १ तारीखच येते. कारखान्याच्या दिनदर्शिकेच्या तऱ्हेत फक्त कामाचे दिवस मोजतात. मुंबईत बसून बनवलेल्या दिनदर्शिकेत पोळ्याची सुट्टी नसेल, तर पोळ्याच्या दिवशी ऑर्डर निघते आणि शेडमध्ये कुत्रंही नसतं.

मग उशिराचा हिशेब. चक्र ३० दिवसांचं, काम १० नोव्हेंबरला ठरलेलं, झालं १६ ला. उशिराची सूट १० टक्के असेल तर ३ दिवस माफ, पण उशीर ६ दिवसांचा, म्हणून पुढची तारीख सरकणार. किती सरकणार ते शिफ्ट फॅक्टर सांगतो. १०० टक्के असेल तर पूर्ण सहा दिवस, म्हणजे १० डिसेंबरऐवजी १६. ५० टक्के असेल तर १३. शून्य असेल तर १० डिसेंबरच. आणि सूटच २० टक्के असती तर ६ दिवस माफीत बसले असते, शिफ्ट फॅक्टर काहीही असो, तारीख १० डिसेंबरच राहिली असती. हे गणित पाचवीतल्या मुलाला जमेल. परीक्षेत चुकतं ते आधी सूट तपासायची हे विसरल्यामुळे.

स्ट्रॅटेजी प्लॅनमध्ये, म्हणजे एकाच प्लॅनमध्ये वेगवेगळ्या मुदतींची कामं (पॅकेजं) असतात तिथे, आणखी एक खड्डा आहे. एक महिना, तीन महिने, बारा महिने अशी तीन पॅकेजं. प्रत्येकाला उतरंडीचा अंक. तिसऱ्या महिन्यात एक आणि तीन दोन्ही एकाच दिवशी येतात. अंक सारखे असतील तर दोन्ही निघतात. वेगळे असतील तर फक्त वरच्या अंकाचं निघतं. आता समजा अंक १, २, ३ दिले आणि ग्रीस भरण्याचं काम फक्त मासिक पॅकेजला जोडलं. मग तिसऱ्या, सहाव्या, नवव्या आणि बाराव्या महिन्यात ग्रीसचं काम ऑर्डरमध्ये येतच नाही. चार महिने बेअरिंग कोरडं, कागदावर मात्र देखभाल शंभर टक्के. उपाय सोपा: मोठ्या पॅकेजच्या वेळीही करायचं असेल ते काम मोठ्या पॅकेजलाही जोडायचं.

चक्राचे किती टक्के दिवस गेल्यावर ऑर्डर काढायची, हे कॉल होरायझन सांगतो. त्याचं उदाहरण वार्षिक शटडाऊनचं घ्यावं. ३६५ दिवसांचं चक्र, होरायझन ९० टक्के, म्हणजे ऑर्डर ३२८ दिवसांच्या सुमारास निघते आणि हाती ३६-३७ दिवस उरतात. प्रेसच्या सिलिंडरची सील बाहेरून मागवायला एवढे पुरतील का, हे आपापलं ठरवावं. शून्य टक्के दिलं तर ऑर्डर लगेच निघते. नवखे शून्याचा अर्थ 'आधी काही नको' असा घेतात आणि सकाळी यादीत वर्षभरानंतरच्या कामाची ऑर्डर पाहून गोंधळतात.

पूर्णतेची अट ही आणखी एक खूण. ती लावली तर आधीची ऑर्डर तांत्रिकदृष्ट्या पूर्ण झाल्याशिवाय पुढची निघत नाही. कल्पना चांगली. पण जिथे काम होतं आणि संगणकात ऑर्डर कुणी बंद करत नाही, तिथे प्लॅन गुपचूप थांबतो. कुणी ओरडत नाही, कारण न निघालेली ऑर्डर कुणालाच दिसत नाही.

आता हंगाम. प्रेसच्या हायड्रॉलिक पॉवर पॅकला तासांचं मीटर आहे, आणि समजा दर २५० तासांना फिल्टर बदलायचा आहे. मोजमापाचा बिंदू बनवताना प्रणाली वार्षिक अंदाज विचारते. प्रेस १५० दिवस, रोज २० तास चालते; म्हणून माणूस प्रामाणिकपणे ३००० लिहितो. प्रणाली ते ३६५ नं भागते आणि रोजचे सव्वाआठ तास धरून तारीख काढते: २५० तास म्हणजे ३० दिवस. प्रत्यक्षात ऐन हंगामात २५० तास साडेबारा दिवसांत संपतात. मीटरचं वाचन रोज भरलं आणि तारखा पुन्हा काढून ऑर्डरी सोडणारं आयपी३० रोज चालवलं तरी चूक पुरती जात नाही. २०० तास झाले, ५० उरले, तर प्रणाली म्हणते सहा दिवस. खरे उरलेले असतात अडीच. सॉफ्टवेअरला वर्ष सपाट वाटतं, कपाशीला तसं वाटत नाही.

मार्ग असा: अंदाज हंगामाच्या वेगाने द्यायचा, २० गुणिले ३६५, म्हणजे ७३००. मग ५० तासांचे अडीच दिवस बरोबर येतात. हंगाम संपला की प्लॅन निष्क्रिय करायचा, नाहीतर बंद प्रेसच्या फिल्टरच्या ऑर्डरी पावसाळाभर निघत राहतील. दिवाळीच्या सुमाराला, पहिला कापूस यायच्या आधी, मीटर वाचून पुन्हा सक्रिय करायचा. बारमाही चालणाऱ्या भट्टीवर काम करणाऱ्याला हा प्रश्न कधी पडतच नाही, म्हणून वार्षिक अंदाज नेमका कशासाठी असतो हे त्याला नीट कळत नाही. म्हणून जिनिंग.

मॅक्झिमो या देखभालीच्याच दुसऱ्या सॉफ्टवेअरच्या परीक्षेला बसणाऱ्यांनाही हाच कारखाना चालतो. तिथे लोकेशन आणि अ‍ॅसेट, जॉब प्लॅन आणि पीएम (प्रतिबंधक देखभाल), आणि मंजुरीची वाट पाहणारी, मंजूर, चालू, पूर्ण, बंद अशी वर्क ऑर्डरची स्थिती. शब्द बदलतात, सात नंबर तीच.

सॅपवाल्यांना एक वेगळी अडचण आहे. पुष्कळ कारखान्यांत अजून सॅपची जुनी पिढी, ईसीसी प्रणाली, चालू आहे. तिचा मुख्य आधार कंपनी २०२७ च्या अखेरपर्यंतच देणार आहे. परीक्षा नव्या पिढीच्या एस/४ हानावर असते. म्हणजे रोज डोळ्यांसमोर जुन्या करड्या खिडक्या आणि प्रश्नपत्रिकेत फिओरी या नव्या रूपातल्या चौकोनी फरशा, शिवाय नव्या पद्धतीतल्या कामाच्या नऊ अवस्था: सुरुवात, छाननी, नियोजन, मंजुरी, तयारी, वेळापत्रक, अंमलबजावणी, नंतरची कामं, पूर्तता. ऑफिसात जे दिसतं तेवढ्यावर विसंबलं की इथे फटका बसतो. कंपनीच्या शिक्षण संकेतस्थळावर वाचायचे धडे फुकट आहेत. सराव प्रणालीला पैसे पडतात. चौघांनी मिळून अभ्यास करावा, पण प्रणाली ज्याची त्याने घ्यावी. कारखान्याच्या चालू प्रणालीत सराव करू नये. तिथे 'पाहू तरी' म्हणून सोडलेली ऑर्डर स्टोअरमध्ये खरा माल अडवून ठेवते.

बाजारात प्रश्नसंचांचे पीडीएफ मिळतात, व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतात. त्यातली उत्तरं पुष्कळ ठिकाणी चूक असतात आणि ते वापरणं परीक्षेच्या करारात बसत नाही. त्याहून वाईट म्हणजे ते पाठ केलेला माणूस मुलाखतीत दुसऱ्याच प्रश्नाला उघडा पडतो.

प्रश्नपत्रिका अनेक वर्षं ८० प्रश्नांची आणि १८० मिनिटांची राहिली, म्हणजे एका प्रश्नाला सव्वादोन मिनिटं. स्वरूप बदलत असतं, तेव्हा पैसे भरायच्या आधी त्या परीक्षेचं पान उघडून पाहावं. या स्वरूपात किती पर्याय बरोबर ते प्रश्नातच दिलेलं असतं. तीनपैकी दोन बरोबर आले तर अर्धे गुण मिळत नाहीत. भाषा इंग्रजी. मराठी माध्यमातून आलेल्यांना तांत्रिक शब्द अडत नाहीत, अडते ती 'करता येतं' आणि 'करावंच लागतं' यांतली रेघ. सराव करताना प्रत्येक प्रश्नात हे क्रियापद आधी शोधायची सवय लावावी.

परीक्षा घरबसल्या कॅमेऱ्यासमोर देता येते, पण ते घर कुठलं हे महत्त्वाचं. तालुक्याबाहेरच्या गावात मोबाइलच्या हॉटस्पॉटवर हे धाडस करू नये. नागपूर, अमरावती किंवा चंद्रपूरला ज्यांच्याकडे फायबर आहे अशा नातेवाइकांकडे आदल्या संध्याकाळी जावं. राउटर इन्व्हर्टरवर आहे ना, लॅपटॉप केबलने जोडता येतो ना, हे तेव्हाच पाहावं. घरात पाहुणचार होणारच. खोलीत कुणी यायचं नाही, चहासुद्धा आणायचा नाही, हे मावशीला आधी सांगून ठेवावं, कारण कॅमेऱ्यात दुसरा माणूस दिसला की परीक्षा थांबू शकते. नोंदणीतलं नाव ओळखपत्रावरच्या नावाशी अक्षरशः जुळलं पाहिजे. एकीकडे वडिलांचं नाव मधे आणि दुसरीकडे नाही, एवढ्यावरूनही अडवतात.

आणि तारीख निवडताना जून-जुलै बघावा. तेव्हा जिनिंगच्या शेडी बंद असतात, सुट्टी मिळते, आणि रिकाम्या शेडमध्ये हातात वही घेऊन फिरता येतं. शिवाय प्रमाणपत्राची मुदत आता १२ महिन्यांची असते. पहिली परीक्षा नोव्हेंबरात दिली, तर नूतनीकरणाची शेवटची तारीख पुढच्या वर्षी ऐन कापसाच्या गर्दीत येते.